धुकं पडलं नसतं तर?

मावशी, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून शिकागोजवळच्या नेपरविलला आलो. मुलगी सव्वापाच वर्षांची आहे, किंडरगार्टनमध्ये जाते. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून तीन वर्षांची असल्यापासून कानाला मशीन आहे. कानात बसतो तो साचा तिने स्वतः निवडला, लालभडक. डिसेंबर लागल्यापासून वर्गात रोज नाताळचं एक चित्रपुस्तक वाचतात. लाल नाकाच्या रुडॉल्फ रेनडिअरचं, सांताची गाडी ओढणाऱ्या त्या हरणाचं, वाचलं त्या दिवशी एक मुलगा तिच्या कानाकडे बोट दाखवून ‘रुडॉल्फ’ म्हणाला आणि पोरं हसली. बाईंनी प्रेमाने सांगितलं, अगं, रुडॉल्फच तर शेवटी हिरो होतो! घरी येऊन तिने मला विचारलं, ‘आई, धुकं पडलं नसतं तर त्याला खेळायला घेतलं असतं का?’ मला उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे होतं ते पुस्तक मी कपाटावर टाकलंय. हल्ली तिचे केस मोकळे सोडते, कान झाकला जातो. सासूबाई म्हणतात, परक्यांच्या गोष्टी हव्यात कशाला, आपल्या काय कमी आहेत? रेनडिअरची दुसरी बरी पुस्तकं आहेत का? की हा विषयच बंद करू?
— एक आई, नेपरविल

अगं, तुझं पत्र आल्यापासून तुझ्या लेकीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. मुलांना गोष्टी वाचून दाखवण्यात माझी तीस वर्षं गेली. ही गोष्टही मी कितीदा तरी वाचली असेल, आणि शेवट आला की पोरांबरोबर टाळ्याही वाजवल्या असतील. धुकं पडलं नसतं तर काय, हे मला एकाही मुलाने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. सव्वापाच वर्षांच्या पोरीला ते सुचलं, कारण तिच्यासाठी तो प्रश्न नुसता गोष्टीतला नव्हता.

आधी एक कबूल करू या, तिची शंका रास्त आहे. आपल्याला माहीत असलेली गोष्ट काय सांगते? सांताच्या रेनडिअरपैकी एकाचं नाक लाल, दिव्यासारखं चमकणारं, म्हणून बाकीचे हसतात, खेळायला घेत नाहीत. मग नाताळच्या रात्री धुकं पडतं, सांताला वाट दिसेनाशी होते, त्या नाकाचा उजेड कामी येतो आणि एकाएकी सगळे त्याच्यावर माया करू लागतात. हसणाऱ्यांपैकी कुणी ‘आमचं चुकलं’ म्हणत नाही. नाक तेच, रुडॉल्फ तोच, फक्त त्याचा उपयोग निघाला. आपल्याकडे ‘गरज सरो, वैद्य मरो’ म्हणतात. पुढच्या नाताळला आभाळ स्वच्छ असलं तर काय, ही धास्ती तुझ्या मुलीच्या प्रश्नात आहे. म्हणून बाईंचं ‘तो हिरो होतो’ हे उत्तर प्रेमाचं असलं तरी तिच्यापर्यंत पोचलं नाही. हिरो व्हावं लागेल, असंच तिने त्यातून ऐकलं असणार.

पण पुस्तक कपाटावरून खाली काढ. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्याच गोष्टीत आहे, फक्त मूळ गोष्टीत.

ती गोष्ट तुझ्या घरापासून फार तर तासाभराच्या अंतरावर जन्मली. 1939 साली शिकागोत माँटगोमेरी वॉर्ड नावाचा मोठा दुकानधंदा होता. नाताळात दुकानात येणाऱ्या मुलांना ते फुकट पुस्तकं वाटायचे. तोवर बाहेरून विकत घेतलेली पुस्तकं वाटत. त्या वर्षी ठरलं की आपलंच छापू, पैसे वाचतील. जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्या रॉबर्ट मे नावाच्या कारकुनी वळणाच्या माणसाकडे ते काम आलं. लहानपणी तो अंगाने बारकासा, बुजरा होता आणि पोरं त्याला चिडवायची. घरी बायको कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, मुलगी बार्बरा चार वर्षांची. जुलैमध्ये बायको गेली. साहेबांनी सांगितलं, हे काम दुसऱ्याला देतो. तो म्हणाला, नको, मीच पुरं करतो. ऑगस्टच्या अखेरीस कविता पुरी झाली, तेव्हा त्याने ती आधी बार्बराला आणि तिच्या आजी-आजोबांना घरात बसून वाचून दाखवली.

दुकानातल्या वरिष्ठांना लाल नाक पसंत नव्हतं. लाल नाक म्हटलं की दारुड्या आठवतो, असं त्यांचं म्हणणं. मग मे आपल्या चित्रकार मित्राला, डेन्व्हर गिलनला, घेऊन शहरातल्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात गेला आणि तिथली हरणं बघून गिलनने चित्रं काढली. ती चित्रं पाहिल्यावर होकार मिळाला. त्या एका नाताळात सुमारे 24 लाख प्रती वाटल्या गेल्या. गाणं नंतरचं, 1949 सालचं. मेच्या मेहुण्याने, जॉनी मार्क्सने, ते रचलं आणि जीन ऑट्रीने गायलं. आज बहुतेकांना गोष्ट माहीत आहे ती गाण्यातली, आणि पुष्कळशी चित्रपुस्तकंही तोच धागा धरतात. तीन मिनिटांच्या गाण्यात मावेल तेवढंच त्यात उरलं.

गळालं ते घर. मेच्या कवितेतला रुडॉल्फ सांताच्या तबेल्यात राहत नाही. तो दुसऱ्याच एका गावातला साधा पोरगा आहे. त्याला घर आहे, आई-वडील आहेत, निजायला खोली आहे. पोरं चिडवतात म्हणून तो रडतो, एकटा पडतो. तरी इतर मुलांसारखाच तोही सांता येणार, खाऊ-खेळणी आणणार, या आशेवर झोपी जातो. त्या रात्री सांता घरोघर भेटी ठेवत, धुक्यात ठेचकाळत त्याच्या घरी पोचतो आणि काळोख्या खोलीत त्याला तो लाल उजेड दिसतो.

नीट बघ, सांता त्याच्या घरी कशाला आला होता? नाक बघायला नाही. त्या नाकाचा उपयोग होईल हे तेव्हा त्याच्या गावीही नव्हतं. तो भेट द्यायला आला होता, जशी सगळ्यांना देत होता तशी. म्हणजे धुकं पडलं नसतं, तरीही रुडॉल्फच्या उशाशी भेट आलीच असती. तो सकाळी उठला असता, आईने त्याला जवळ घेतलं असतं. हे उत्तर तुझ्या लेकीला दे. एवढंच सांग, पुढे काही जोडू नकोस. तिने विचारलं, ‘आणि खेळायला?’, तर खरं सांग: खेळायला न घेणं ही त्या बाकीच्यांची चूक होती, धुकं असो वा नसो. त्यांनी त्याची माफी मागायला हवी होती, आणि पुस्तकात ती मागितलेली नाही, हे तुझं बरोबर आहे. पुस्तकालाही चुकतं असं म्हणता येतं, हे मुलांना कळलं की ती पुस्तकाला घाबरत नाहीत.

एक मोह मात्र टाळ. ‘तुझं मशीन म्हणजे जादू आहे, सुपरपॉवर आहे’ असं तिला सांगावंसं वाटेल, बाकीचेही सांगतील. ते पुन्हा धुक्याचीच गोष्ट सांगणं झालं. तिचं मशीन म्हणजे नुसतं मशीन, चष्म्यासारखं. त्याने कुणाचं भलं व्हायची गरज नाही.

आता केसांचं. तुझ्यावर रागावून लिहीत नाही, तुझ्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं. 1964 साली या गोष्टीवर अमेरिकी टीव्हीसाठी बाहुल्यांचा एक चित्रपट निघाला, तो अजूनही दर डिसेंबरला दाखवतात, तुमच्याकडेही लागेल. त्यात रुडॉल्फचा बाप पोराच्या नाकावर चिखल थापतो, नाक झाकलं जावं म्हणून. बाप दुष्ट नाही, पोराला कुणी हसू नये एवढंच त्याला वाटतं. पण चिखल लावलेल्या पोराचा आवाज बसकट येतो, श्वास कोंडतो, आणि आपल्या अंगावर काहीतरी लपवण्यासारखं आहे हे त्याला आधी कळतं ते बापाच्या हातून. तिने तो साचा लाल निवडला होता ना? कातडीच्या रंगाचाही मिळाला असता. केस कसे हवेत ते तिलाच विचार, आणि ती म्हणेल तसे बांध. मोकळे हवेत म्हणाली तर मोकळे.

दुसऱ्या पुस्तकांचं विचारलंस. चित्रपुस्तक निवडताना मी हल्ली शेवटच्या पानावर जाऊन एकच बघते: गोष्टीत बदललं कोण? ज्याला हसले तोच बदलला किंवा कामाला आला असेल, तर ते पुस्तक जरा बाजूला ठेवते. हसणारा बदलला असेल तर घेते.

त्या कसोटीवर जॅन ब्रेटचं 1990 सालचं ‘द वाइल्ड ख्रिसमस रेनडिअर’ मला फार आवडतं. टीका नावाची मुलगी. वर्षभर मोकाट हिंडलेल्या रेनडिअरना नाताळच्या उड्डाणासाठी तयार करण्याचं काम सांता तिच्यावर सोपवतो. तिला सगळं चोख हवं असतं, म्हणून ती ओरडते, दटावते. जनावरं बिथरतात, एकमेकांत घुसतात आणि शिंगांत शिंगं अडकून सगळ्यांचा गुंता होतो. तो काही केल्या सुटत नाही. मग टीकाच रडवेली होते, माफी मागते, यापुढे ओरडणार नाही म्हणते, आणि गुंता सुटतो. इथे बदलते ती हुकूम सोडणारी. जनावरं होती तशीच राहतात. चित्रांच्या कडांना सांताच्या कारखान्यात खेळणी बनवणारे बुटके दिसतात, त्यामुळे एका पानावर मूल दहा-दहा मिनिटं रमतं. घाई करू नकोस.

त्यातल्या आठ रेनडिअरपैकी एकाचं नाव आहे लायकेन. लायकेन म्हणजे काय ते तुझ्या स्वयंपाकघरात आहे, गोड्या मसाल्यातलं दगडफूल! थंडीत सगळं बर्फाखाली गेलं की रेनडिअर खुरांनी आणि तोंडाने बर्फ उकरून खालचं लायकेन खातात. आपलं दगडफूल त्याच गोतातलं. हे पान आलं की डब्यातलं एक दगडफूल तिच्या तळहातावर ठेव, वास घेऊ दे. मग ती तुला पुढचे आठ दिवस आमटीतल्या हरणांबद्दल विचारत राहील, तयारी ठेव.

दुसरं, ‘ऑलिव्ह, दि अदर रेनडिअर’. 1997 सालचं, शब्द व्हिव्हियन वॉल्श यांचे, चित्रं जे. ओट्टो साइबोल्ड यांची. ऑलिव्ह ही कुत्री आहे. रेडिओवर रुडॉल्फचं गाणं लागतं. त्यात ‘बाकीचे सगळे रेनडिअर’ अशा अर्थाचे जे इंग्रजी शब्द आहेत, ते तिला ‘ऑलिव्ह, दुसरी रेनडिअर’ असे ऐकू येतात. तिला वाटतं, अरे, म्हणजे मी रेनडिअर आहे होय! आणि ती बस पकडून उत्तर ध्रुवाला निघते. तिला उडता येत नाही, तर रेनडिअर तिला फितीने आपल्याला बांधून घेतात. पुढे ती उपयोगी पडते हे खरं, पण सोबत घेतलं जातं त्याच्या आधी. तुझ्या लेकीसाठी हे पुस्तक मी का सुचवते, हे तुला कळलं असेल. जिला शब्द अर्धवट, वेगळे ऐकू येतात तिच्यासाठी चुकीचं ऐकू येणं म्हणजे रोजची लाज असते. इथे चुकीचं ऐकलं म्हणून एक अख्खा प्रवास घडतो आणि तिला कुणी खोडून काढत नाही. भाषांतर करून वाचू नकोस, गंमत शब्दांच्या आवाजात आहे. इंग्रजीतच वाच, हळू.

वाचण्याबद्दल एक बारीकशी गोष्ट. बहुतेक घरांत गोष्ट वाचतात ती झोपताना, दिवा मंद करून, आणि मशीन काढून डबीत ठेवल्यावर. म्हणजे मूल ऐकायला सगळ्यात कमी समर्थ असतं तेव्हा. क्रम बदल: आधी गोष्ट, मग मशीन काढणं. तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बस, दिवा तुझ्या तोंडावर पडेल असा ठेव, डिशवॉशर तेवढा वेळ बंद. आधी चित्र बघू दे, मग शब्द वाच. चित्राकडे आणि तुझ्या ओठांकडे तिला एकाच वेळी बघता येणार नाही.

तिसरं पुस्तक मी नाव घेऊन सांगत नाही. खऱ्या रेनडिअरचं, फोटोंचं कुठलंही घे. तुमच्याकडच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभागातल्या बाईंना विचारलंस तर त्या उभ्या उभ्या चार काढून देतील. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेला सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळतात. त्यांच्या मुलांचे फोटो असलेलं मिळालं तर फारच छान. कारण खरा रेनडिअर सांताच्या रेनडिअरपेक्षा मला तरी जास्त अद्भुत वाटतो. त्याचे डोळे उन्हाळ्यात आतून सोनेरी चमकतात आणि हिवाळ्याच्या अंधारात निळे होतात. चालताना पायातली शीर हाडावरून घसरून टक-टक असा आवाज होतो. मोठे नर नाताळाच्या सुमाराला शिंगं टाकून देतात आणि माद्यांची मात्र वसंतापर्यंत डोक्यावर असतात. तेव्हा नाताळच्या चित्रांतल्या शिंगवाल्यांत माद्या असणारच. रुडॉल्फ मुलगी का असू नये, हे ती स्वतःच विचारेल.

आणि नाक! डिसेंबर 2012 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेदरलंड्स आणि नॉर्वेच्या संशोधकांनी हाच प्रश्न घेतला होता, रेनडिअरचं नाक लाल का? त्यांनी रेनडिअरच्या नाकाच्या आतलं अस्तर सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्यात माणसाच्या नाकापेक्षा 25 टक्के जास्त दाट रक्तवाहिन्या निघाल्या. कडाक्याच्या थंडीत नाक गोठू नये म्हणून ही सोय. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ते नाक लाल उमटतं. म्हणजे एकट्या रुडॉल्फचं नव्हे, त्याला हसणाऱ्या सगळ्यांच्या नाकांतही तेवढंच लाल रक्त खेळत होतं. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले होते. वर्गातल्या बाईंनाही त्या कॅमेऱ्यातला नाकाचा फोटो दाखव. तुझ्या लेकीला पुढे उभं करून तिच्या कानावर धडा देऊ नका, अशी विनंती कर. त्याऐवजी बाईंनी सगळ्यांना या नाकांचं सांगावं आणि टीकाचं पुस्तक वाचावं. त्या मुलाशी बोलायचं ते बाईंनी त्याला बाजूला घेऊन बोलावं. पाच वर्षांचा आहे तोही.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं वाया घालवू नकोस. त्यांना सांग, फोनवर नातीला महाशिवरात्रीची हरणाची कहाणी सांगा. पाणवठ्याकाठी बेलाच्या झाडावर बसलेला शिकारी, पाण्यावर आलेली हरिणी, ‘पाडसांना भेटून परत येते’ म्हणून तिने मागितलेली मुदत, आणि शब्दाला जागून परत आलेलं ते सगळं कुटुंब. शेवटी धनुष्य खाली ठेवतो तो शिकारी. हरणं पहिल्यापासून होती तशीच असतात. मी वर सांगितलेल्या कसोटीला आपली ही जुनी कहाणी सहज उतरते. हा फोन दुपारच्या उजेडात व्हावा, आजींचं तोंड स्पष्ट दिसेल असा, आणि सावकाश. सासूबाईंना एवढं काम दिलंस की परक्यांच्या गोष्टींची कुरकुर आपोआप कमी होते, असा माझा अनुभव आहे.

आणि त्या कहाणीतलं हरीण डिसेंबरात तुमच्याही आभाळात असतं. नाताळच्या आठवड्यात रात्री आठ-नऊच्या सुमाराला आग्नेयेकडे बघ. एका ओळीत तीन तारे दिसतील, तो शिकाऱ्याचा बाण. भोवतीचे चार ठळक तारे म्हणजे मृगाचे पाय, आणि बाणाच्या रेषेत खाली डावीकडे झगमगणारा व्याध. मार्गशीर्ष महिन्याला नाव मिळालं ते याच मृगशीर्षावरून. थंडी फार असेल, तेव्हा टोपी, हातमोजे घालून दोनच मिनिटं अंगणात जा. अंधारात तिला तुझे ओठ दिसणार नाहीत. तेव्हा बाहेर पडण्याआधी कागदावर ते सात तारे आणि व्याध काढून दाखव, आणि बाहेर गेल्यावर नुसतं बोट दाखव. आभाळ स्वच्छ असलं तरच दिसेल हं, त्या रात्री धुकं नको.